भोंगा गावानंच का वाजवायचा?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ साली या गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर आपसात बोलायचं. कोविडमध्ये शाळा मोबाइलवर आली होती. शाळा पुन्हा भरू लागली तरी मोबाइल काही हातातून सुटेना, म्हणून हा उद्योग. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं दारोदार फिरून लोकांना समजावत होती. तेव्हापासून मोबाइलच्या नादाची चर्चा कुठंही निघाली की वडगावचा दाखला येतोच, आणि तो आला की चर्चा दोन ठरलेल्या रुळांवरून धावायला लागते. एक रूळ ‘मनावर ताबा हवा’वाल्यांचा: फोन काय करतो, माणूसच ढिला. दुसरा ‘बंदीच घाला’वाल्यांचा. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केल्यापासून या दुसऱ्या रुळावर गर्दी फारच वाढली आहे.

माझं म्हणणं असं की दोन्हीकडचे लोक फोनकडे पाऊस-पाण्यासारखं बघतात. जणू तो वरून पडतो, आणि आपल्या हातात फक्त छत्री उघडणं किंवा घरात बसणं एवढंच आहे. पण फोन कुणीतरी बसून, आखून, तपासून बनवलेली वस्तू आहे. कुठला आवाज कधी व्हावा, लाल ठिपका कुठं दिसावा, एक व्हिडिओ संपला की पुढं काय व्हावं, यातली एकेक गोष्ट पगारी माणसांनी ठरवलेली असते. आणि ठरवताना त्यांनी या वस्तूतून एक गोष्ट शिस्तीत काढून टाकली आहे: थांबायची जागा. ती परत बसवणं हे आधी बनवणाऱ्याचं काम आहे, वापरणाऱ्याचं नंतर. वडगावकरांचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण ज्या यंत्राला स्वतःचा शेवट असायला हवा होता, त्याला शेवट आणून द्यायला एका गावाला देवळावर भोंगा लावावा लागला, याचा जाब कुणीच कुणाला विचारत नाही, हे मला खटकतं.

आधी माझा स्वतःचा गाढवपणा सांगते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी वरणाचा कुकर लावला. शिट्ट्या मोजण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून बारा मिनिटांचा टायमर लावायला फोन उचलला. पडदा उजळला, वरून एक पट्टी घसरत खाली आली: अमुक मैत्रिणीनं बऱ्याच दिवसांनी फोटो टाकलाय. बघितला. त्याच्याखाली कुणीतरी गच्चीवर टोमॅटो लावत होतं. करपल्याचा वास आला तेव्हा मी त्याच अनोळखी माणसाचा टोमॅटोंना आधाराच्या काठ्या बांधतानाचा व्हिडिओ बघत होते. माझ्याकडे गच्ची नाही. टायमर लावलेलाच नव्हता. कुकरच्या बुडाला तूरडाळीची काळी खपली बसली, ती दोन दिवस भिजत घालून खरवडावी लागली. चूक माझी नाही का? आहेच. पण पूर्वी ओट्यावर जे चावीचं घड्याळ होतं, त्यातून टोमॅटोंच्या मळ्यात जायला वाट नव्हती. मी फोनकडे करमणूक मागायला गेले नव्हते, बारा मिनिटं मोजून मागायला गेले होते.

शेवट असणं ही जुन्या माध्यमांची अंगचीच गोष्ट होती. वर्तमानपत्राचं शेवटचं पान यायचं. दूरदर्शन रात्री एका ठरावीक वेळेला बंद व्हायचं आणि पडद्यावर मुंग्या यायच्या, मग माणसं झोपायला जायची. संकेतस्थळांनाही पूर्वी खाली ‘पुढचं पान’ असायचं. ते दाबायला बोट उचलावं लागे, आणि तेवढ्या क्षणात ‘बास झालं’ असं मनात यायला सवड मिळे. २००६ साली अझा रास्किन या तरुण रचनाकारानं तो टप्पा काढून टाकला: तुम्ही खाली सरकत राहा, मजकूर येत राहील. त्याचा हेतू वाईट नव्हता. वाचणाऱ्याला दर वेळी बटण कशाला दाबायला लावायचं, एवढाच विचार होता. पुढं त्याचं काय झालं हे बघून त्यानं स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला. पडदा खाली ओढून सोडला की नवं काहीतरी अवतरतं, ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर या दुसऱ्या रचनाकाराची. ओढताना काय येईल ते ठाऊक नसतं, आणि सगळी गंमत त्या न ठाऊक असण्यातच आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं: दर टोचीला दाणा मिळाला तर कबुतर भूक भागल्यावर थांबतं, कधी मिळेल कधी नाही असं केलं तर ते टोचतच राहतं.

आपल्याला हे शिकायला कबुतरांची गरज नव्हती म्हणा. मुंबईचा मटका होता की. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव यांवर आकडे लावण्यातून तो सुरू झाला. १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी त्याला घरोघरी पोचवलं. गिरण्यांच्या कितीतरी कामगारांचे पगार त्यात गेले. तरीही मटक्याला ओपन होता आणि क्लोज होता. आकडा फुटला की त्या दिवसापुरता खेळ खलास, मग उद्याची वाट बघायची. हातातल्या यंत्राला फक्त ओपन आहे. आणि खत्रीच्या माणसानं रात्री दोन वाजता उशाशी येऊन ‘एक आकडा बघ की’ म्हणून खांदा हलवल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप जुन्याजाणत्यांचा असतो आणि तो दमदार आहे. ते म्हणतात, प्रत्येक पिढी नव्या माध्यमाला घाबरते. कादंबऱ्या वाचून पोरी बिघडतात म्हणून झालं, रेडिओवरच्या सिनेमाच्या गाण्यांनी संस्कार बुडाले म्हणून झालं, टीव्हीला तर खोकं म्हणूनच हिणवलं. जग बुडालं का? नाही. शिवाय फोनमुळे मुलांच्या मनावर नेमका किती परिणाम होतो याबद्दल संशोधकांतच वाद आहेत, आणि मेंदू सडल्याच्या ज्या गोष्टी फिरतात त्या बहुतेक बाजारगप्पा असतात. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून तर मी मेंदू सडतो असं म्हणतच नाही. माझी तक्रार त्याहून साधी आहे. कादंबरी, रेडिओ, टीव्ही यांतल्या कुणाला तुम्ही नेमके कधी कंटाळता हे कळत नव्हतं. तुम्ही पान मिटायला आलात हे ओळखून कादंबरीनं शेवटचं प्रकरण बदललं नाही. फोन मात्र तुमच्या अंगठ्याचा रेंगाळणारा अर्धा सेकंदही मोजतो आणि त्यावरून पुढचा घास कुठला ते ठरवतो. ज्या वस्तूला माझ्याबद्दल इतकं कळतं, तिला मी थांबू पाहतेय हेही कळत असणारच. त्या माहितीचं ती काय करते, हा माझा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप: अहो, सेटिंग आहेत ना! हाही खोटा नाही. २०१८ साली गूगलनं डिजिटल वेलबीइंग आणलं, त्याच वर्षी ॲपलनं स्क्रीन टाइम. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं, मर्यादा घालता येते. पण मर्यादा संपल्यावर ॲपलचा फोन काय करतो ते बघा. एक पडदा येतो आणि त्यावरच मर्यादा झुगारायची सोय असते: आणखी एक मिनिट, पंधरा मिनिटांनी आठवण, किंवा आजच्यापुरतं सोडून द्या. दारूच्या दुकानातच व्यसनमुक्तीचं पत्रक ठेवायचं, आणि तेही बाटली गुंडाळायला. खोलात गेलं तर सेटिंगचा युक्तिवाद म्हणजे मोटारवाल्यांचा जुना युक्तिवाद आहे. अपघात गाडीमुळे होत नाहीत, चाकामागच्या माणसामुळे होतात, असं अमेरिकेतल्या मोटार कंपन्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ सालीच बनवला होता आणि कंपनीनं तो इतरांनाही वापरू दिला. तरी बाकीच्यांना वाहन सुरक्षेचे नियम पाळायला १९६६ चा कायदा यावा लागला, आणि त्यामागं ग्राहकांसाठी भांडणाऱ्या राल्फ नेडरसारख्या माणसांची ओरड होती. चालकानं नीट चालवावं हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. म्हणून कुणी पट्टा काढा म्हणत नाही.

आणि घरचंच उदाहरण हवं तर लाउडस्पीकरचं घ्या. गणपतीत, वरातीत रात्रभर भिंती हादरायच्या तेव्हा ‘ज्याला त्रास होतो त्यानं कानात बोळे घालावेत’ म्हणणारे होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ राखून ठेवली. नियम किती पाळला जातो यावर हसणारे हसोत. पण शांतता हा पाया आणि आवाजाला परवानगी लागते, एवढं तत्त्व तरी ठरलं. फोनमध्ये उलटं आहे. आवाज हा पाया, आणि शांततेसाठी तुम्ही सेटिंगच्या सहा पायऱ्या उतरायच्या.

बंदीवाल्यांशी माझं भांडण निराळं आहे. त्यांचा राग खरा असतो, घरात पोरगं जेवताना मान वर करत नाही तेव्हा कुणाचाही जीव जळतो. पण २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी घातली, ती सीमेवरच्या तणावामुळे आणि सुरक्षेच्या कारणानं, पण आपल्याला नकळत एक प्रयोगच करून दिला. दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. जे अंगठे तिथं सरकत होते ते इथं सरकू लागले. नाव गेलं, घडण राहिली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे; टपरीवर काय मिळतं ते टपरीवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सोळा वर्षांच्या वाढदिवशी त्या मुलाला काय मिळणार? तेच यंत्र, आणि ते हाताळण्याचा शून्य सराव. चाळिशीतल्या त्याच्या बापाचं काय, जो सिग्नलला थांबल्याबरोबर खिशात हात घालतो?

मग स्मार्टफोन सोडून बटणांचा फोन घ्या, असा एक साधुसंतांचा सल्ला असतो. अमेरिकेत त्याचीही बाजारपेठ झाली आहे: लाइट फोन नावाच्या यंत्रात मुद्दामच समाजमाध्यमं नाहीत, आणि हे नसणं विकत घ्यायला शेकडो डॉलर पडतात. आपल्याकडे हा सल्ला कुणाला द्यायचा? ज्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर सोयाबीन लागावं म्हणून ई-पीक पाहणीच्या ॲपवर बांधावरून फोटो टाकायचा असतो, त्याला? का त्या अंगणवाडी सेविकेला, जिनं दिवसभर पोषण ट्रॅकरमध्ये मुलांची वजनं भरायची आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन फोन बंद करा सांगायचं? स्मार्टफोन ही आता निवड उरलेली नाही, रेशनकार्डासारखी गोष्ट झाली आहे. आणि इथंच एक अन्याय आहे ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. जितका फोन स्वस्त तितका तो जास्त गजबजाट करतो. दहा हजारांच्या आतल्या कितीतरी फोनांत आधीच भरलेली ॲप येतात, लॉक असलेल्या पडद्यावरही बातम्या आणि जाहिराती आपोआप पालटत राहतात, नुसती वेळ बघायला गेलं तरी एखाद्या नटीच्या घटस्फोटाची बातमी वाचावी लागते. महागडा फोन घेणारा थोडी शांतता विकत घेतो, आणि बाकीच्यांच्या फोनची राहिलेली किंमत त्यांच्या लक्षातून वसूल होते.

गंमत अशी की थोडक्यात काम उरकणारं यंत्र बनवता येतं हे आपल्याच देशानं दाखवलंय. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनवरून पैसे पाठवायला यूपीआय १२३पे सुरू केलं. २०२३ साली ९९९ रुपयांचा जिओ भारत हा बटणांचा फोन आला, त्यातही यूपीआय. माणूस पैसे पाठवतो आणि फोन खिशात जातो. काम संपलं की यंत्रही संपतं. हे गरिबांसाठीची तडजोड म्हणून केलं गेलं. हीच गोष्ट मोठ्या फोनवर चांगली घडण म्हणून का करता येऊ नये?

करता येते, आणि त्याला फार मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग भारतातल्याच २३७ जणांवर झाला होता. काहींना नोटिफिकेशन नेहमीसारखी येत राहिली, काहींना ती साठवून दिवसातून तीनदा मिळाली, काहींची पूर्ण बंद केली. तीनदा मिळणारे जास्त निवांत होते, त्यांचं लक्ष कामावर जास्त राहिलं. पूर्ण बंद केलेल्यांची मात्र घालमेल वाढली. बंदीवाल्यांनी हे शेवटचं वाक्य भिंतीवर लावून ठेवावं. पूर्वी पोस्टमन दिवसातून एकदोनदा यायचा आणि तातडीचं असेल तर तार यायची; आज प्रत्येक जाहिरात तार होऊन येते. दुसरा प्रयोग २०२३ चा, जर्मन संशोधकांचा. ॲप उघडण्याआधी एक क्षण थांबवून ‘खरंच उघडायचंय का’ एवढंच विचारलं, तर दर शंभरातल्या ३६ वेळा लोकांनी ते उघडलंच नाही. कुणी रागावलं नाही, कुणी उपदेश केला नाही. म्हणजे शंभरातल्या छत्तीस वेळा तिथं जायचं नव्हतंच, अंगठा गेला होता! नेदरलँड्सच्या फेअरफोननं २०२५ च्या आपल्या फोनला कडेला एक खरंखुरं सरकतं बटण दिलंय. ते सरकवलं की मोजकीच ॲप उरतात. वडगावचा भोंगा फोनच्या कडेला बसवल्यासारखं.

तिसरा आक्षेप धंद्याचा आहे, आणि मला तो सगळ्यात अवघड वाटतो. लक्ष विकूनच ही सेवा फुकट मिळते. उद्या लोक कमी वेळ थांबले तर रीलवर इरकली साड्या दाखवून घर चालवणाऱ्या बाईचं काय? तिचं नुकसान होऊ शकतं, मी नाकारत नाही. पण तिलाही विचारून बघा. गिऱ्हाईक साडी शोधत आलं तर तिला हवंच आहे. रोज तीन रील टाकली नाहीत तर आपण दिसेनासे होऊ, या भीतीनं तीही त्याच चक्कीला जुंपलेली आहे. बाजाराच्या दिवशी बाजार भरतो आणि उठतो, म्हणून व्यापारी उपाशी राहत नाहीत.

कंपन्या हे आपणहून करणार नाहीत हे उघड आहे, आणि सरकारच्या हाती दिलं तर ते घडणीऐवजी माणसांना वळण लावत बसेल, ही भीतीही खरी. चीननं २०२१ मध्ये मुलांना ऑनलाइन खेळांसाठी आठवड्याला तीन तास ठरवून दिले. घरात कोण किती वेळ काय बघतं याची वही सरकारनं ठेवावी, हे मला करपलेल्या डाळीपेक्षा जास्त नकोय. पण माणसावर नजर ठेवणं आणि वस्तूवर अट घालणं यांत फरक आहे, आणि तो आपल्या कायद्याला कळतो. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई, नकार दिल्यावर लाजवणं, सारखं टोचत राहणं अशा १३ युक्त्यांची यादी त्यात आहे. म्हणजे पडद्याची मांडणीसुद्धा फसवू शकते हे सरकारी कागदावर आलंय. पण ती फसवणूक मुख्यतः पैशांच्या व्यवहाराभोवतीची. न संपणारं पान त्या यादीत नाही, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ नाही. खिशातून शंभर रुपये काढले तर ग्राहक, आणि दिवसातून दोन तास काढले तर कोण? युरोपात टिकटॉक लाइटनं व्हिडिओ बघण्याबद्दल गुण आणि बक्षिसं द्यायला सुरुवात केली होती. युरोपीय आयोगानं चौकशी लावल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ते कायमचं मागं घ्यावं लागलं. प्रेक्षकांपैकी एकाचाही तास कुणी मोजला नाही, फक्त यंत्राचा एक भाग काढायला लावला.

मात्र नुसत्या ‘परवानगी विचारा’नं भागत नाही, हे मी दिवाळीत कराडला बघितलं. अँड्रॉइडनं २०२२ पासून, आवृत्ती १३ मध्ये, नोटिफिकेशन पाठवायची असतील तर ॲपनं आधी विचारावं असा नियम केला. चांगलाच नियम. आईचा नवा फोन घ्यायला गेलो. दुकानातल्या पोरानं खोका फोडला, सिम घातलं आणि ‘सगळं चालू करून देतो मावशी’ म्हणत अर्ध्या मिनिटात प्रत्येक प्रश्नाला ‘अलाऊ’ दाबलं. त्याच्या अंगठ्याला ते बटण न बघता सापडत होतं. आई म्हणाली, दाबू दे की, नाही म्हटलं आणि फोन बंद पडला तर? मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, फोन, मेसेज आणि बँक सोडून सगळ्यांना नको कर. त्यानं माझ्याकडे बघितलं, स्टुलावर बसला आणि एकेक ॲप उघडू लागला. लॉकच्या पडद्यावरच्या बातम्या कुठून बंद होतात ते त्यालाही माहीत नव्हतं. शेजारच्या दुकानातल्याला विचारून आला. मागं तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यातल्या एकानं दोनदा घड्याळ बघितलं, मग फोन काढला. वीस मिनिटं लागली.